कुंदाताईचे मॉल

आमच्या लालबागच्या चाळीत कोणी काशीला जाऊन आलं की लोक गंगेचं पाणी मागायला येतात. कुंदाताई काशीहून आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाटी घेऊनच वर आल्या.

"दर्शन कसं झालं हो?"

कुंदाताई पाय पसरून बसली होती. "झालं. गर्दी होती. पण मॉल काय सांगू वहिनी! मधे एवढा मोठा चौक, चारी बाजूंनी गॅलरी, वरून खालचं सगळं दिसतं. एकदम आपली चाळच, फक्त धुतलेली."

गंगाजल ती आणायलाच विसरली होती. वहिनी रिकामी वाटी घेऊन खाली गेल्या.

कुंदाताई परब आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहते. लग्न केलं नाही. महापालिकेच्या शाळेत शिपाई होती, आता निवृत्त. माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी तिच्या लेखी मी अजून 'मेल्या'च. कुठल्या सहलीच्या बसमध्ये एखादी सीट रिकामी आहे असा वास लागला की ही पिशवी भरून तयार. एकच चौकशी करते, "तिथे मॉल आहे काय?" त्यामुळे माथेरान तिने आजवर पाहिलेलं नाही.

बरं, मॉलमध्ये जाऊन ही काही विकत घेते म्हणाल, तर नाव नको. दुकानात पाऊल टाकत नाही. सरकत्या जिन्याला नमस्कार करते, थेट वरचा मजला गाठते, कठडा धरून गॅलरीला फेरी मारते आणि खाली बघत उभी राहते. परत आली की निकाल लावते. भोपाळचा मॉल पास. हैदराबादचा मोठा, पण "नुसते बोळ रे, माणूस दिसत नाही." पुण्याचा एक सपशेल नापास, कारण कठडा काचेचा. "टेकायचं कुठे मेल्या?" अहमदाबादला तर तिने हातरुमाल धुतला आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर वाळत घातला. गार्ड धावत आला, तर त्याला म्हणते, "राहू दे रे बाबा, वारा चांगला आहे तुमच्याकडे."

यावरून आम्ही तिची यथेच्छ टिंगल करतो. तीही हसते. पण हे वेड तिला का लागलं ते चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो विषय कोणी काढत नाही.

तिला एक धाकटा भाऊ होता, विशू. गिरण्या बंद पडल्या तेव्हा घरात रोज भांडणं. एके दुपारी वडील त्याला काहीतरी लागेल असं बोलले आणि तो भरल्या ताटावरून उठला. वडिलांनी दम भरला, "कोणी हाक मारायची नाही." कुंदाताई गॅलरीत उभी होती. विशूने खाली चौकातून एकदा वर बघितलं. तिने हाक मारली नाही. तो गेला तो गेलाच. मग मध्यंतरी त्यांच्या गावचे एक गृहस्थ सहलीहून आले आणि म्हणाले, "तुझा विशू दिसला गो. मॉलात गार्ड आहे." कुठल्या गावच्या मॉलात, ते काही त्यांना आठवेना. बसमधून पुष्कळ शहरं झाली होती.

परळचे मॉल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे ती फिरकत नाही. म्हणते, "इथे असता तर घरी नसता आला?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या आतेभावाच्या मुलीचं लग्न इंदूरला होतं. आमच्या मुलीची परीक्षा म्हणून बायको येणार नव्हती. कुंदाताईने विचारलं, "इंदूर? मी येते." नवरा-नवरी दोघांनाही ती ओळखत नव्हती. अक्षता पडल्या, ती जेवली आणि मला म्हणाली, "चल, रात्रीच्या गाडीला वेळ आहे."

मॉल चांगला होता, म्हणजे तिच्या हिशेबाने. चौक ऐसपैस, कठडा लोखंडी. वर गेल्यावर तिने पदर खोचला आणि मला काही कळायच्या आत, चाळीत मारतात तशी खणखणीत हाक मारली.

"विशू रेऽऽ! जेवूक ये रेऽऽ!"

सगळा मॉल गप्प. मी शरमेने लाल झालो. "ताई, काय हे? लोक बघतायत!"

"बघू दे. आता गार्ड येतील बघ, सगळ्या मजल्यांवरचे. एकेकाला कुठे शोधत फिरू? गुडघे राहिलेत काय माझे?"

आणि खरंच आले. धापा टाकत, वॉकीटॉकी सांभाळत. कुंदाताईने एकेकाला समोर उभं केलं, टोपी काढायला लावली आणि डावी भुवई पाहिली. विशूला लहानपणी तिथे विटी लागून खूण राहिली होती. पोरसवदा गार्डांच्या भुवयाही तिने पाहिल्या.

त्यांचा मुख्य वयस्कर होता, भला माणूस. त्याने विचारलं, "अम्मा, बच्चा खो गया क्या? कितने साल का है?"

"साठ-बासठचा असेल," कुंदाताई म्हणाली.

कोणी हसलं नाही. मला मात्र तिथेच भडभडून आलं. आम्ही वर्षानुवर्षं हिच्या मॉलांवर विनोद करत होतो, आणि ही बाई शहराशहरांतून जाऊन ती एक राहिलेली हाक मारत होती.

एकही भुवई जमली नाही. मला वाटलं, आता ही खाली बसेल. तिने खोचलेला पदर सोडून नीट केला आणि मुख्य गार्डाला विचारलं, "आज छुट्टी पे कौन है?"

"दो जने हैं अम्मा. कल सुबह आएँगे."

कुंदाताई माझ्याकडे वळली. "तू जा रे रात्रीच्या गाडीने. तुला ऑफिस आहे. मी करीन काहीतरी."

मी तिला तिथल्याच एका बाकावर बसवलं, चहा आणून दिला आणि बाजूला जाऊन घरी फोन लावला. आज निघत नाही म्हटल्यावर बायको घाबरली. "काय झालं? ताई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "अजून दोघं बघायचे राहिलेत."

तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "राहा. बघूनच या."