चीफ सुर्वे आणि उरलेली टर्की

आमच्या शेजारचे चीफ सुर्वे टर्की भाजतात तेव्हा बॉयलर सूट घालतात. इंजिनरूममधला, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, नारिंगी रंगाचा, छातीच्या खिशात टॉर्च खोचलेला. नाताळच्या दिवशी सकाळपासून परदेशातल्या आमच्या मरीन परेडच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये त्यांचा आवाज घुमत असतो. "स्टँडबाय!" म्हणजे ओव्हन तापला. "डेड स्लो!" म्हणजे आच कमी केली. जेवणं आटोपून शेवटचं भांडं घासून झालं, की "फिनिश्ड विथ इंजिन्स!" बोट बंदराला लागली की इंजिनरूमला असा निरोप येतो म्हणे. घरात ते एकटेच असतात. या ऑर्डरी नक्की कुणाला देता, असं मी एकदा विचारलं.

"स्वतःलाच," ते म्हणाले. "आणि तो गडी दर वेळी ऐकतोच असं नाही."

सुर्वे मूळचे मालवणकडचे. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि आता इथल्या बंदरात जहाजांच्या तपासणीची कामं करतात. मुलुंडला त्यांचं घर आहे, बायको आहे, लग्न झालेला मुलगा आहे. मग तुम्ही इथे कसे, हे विचारायची आमच्या मजल्यावर कुणाची छाती नाही.

या माणसावर मी जळते. मी पुण्याची, सासर-माहेर दोन्हीकडे सुगरण म्हणून नाव असलेली बाई. तांजोंग पगारच्या ऑफिसातून दमून येते तरी घरी ताज्या पोळ्या करते. माझ्या नवऱ्याने, समीरने, लग्नानंतर माझ्या आमटीला फार फार तर "ठीक आहे" म्हटलं असेल. तोच समीर जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसने परतताना चीफना फोन करून विचारतो, "आज काय आहे?" आमची ईरा तर तोंडावर सांगते, "आई, अंकल्स वन इज नायसर, लाह." शेपटीला जोडलेल्या त्या इथल्या 'लाह'ने माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

बरं, टर्की तरी काय, तर कोरडा, चवीला गप्प बसणारा पक्षी. पण चीफ तिला आदल्या दिवशी आंघोळीच्या बादलीत मीठ, लवंगा आणि बर्फ घालून बुडवतात. त्या काळात कुणा पाहुण्याला हात धुवायचे असले तर त्याला आमच्याकडे पाठवतात. मग मालवणी मसाला लोण्यात कालवून कातडीखाली भरतात. "वहिनी, वरून लावलेला मसाला म्हणजे नुसतं रंगकाम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते ऐकताना हसते आणि आतून धुमसते.

खरा जळफळाट पुढेच सुरू होतो. चीफ पाच माणसांसाठी पंधरा माणसांची टर्की आणतात. दुसऱ्या दिवशी बेल वाजते, दारात डबा घेऊन चीफ: टर्कीचा तांबडा रस्सा. तिसऱ्या दिवशी बेल: खिमा. मग हाडांचं पाणी काढून समोरच्या चिनी आजींसाठी पेज. शेवटी चुरा भाजणीत मळून थालीपीठं. थालीपीठं! माझ्या माहेरच्या पदार्थात परका पक्षी घालून हा माणूस माझ्याच दारात उभा, आणि माझीच मुलगी उभ्याउभ्या दोन खाऊन मोकळी. वर चीफ पाऊण तास बसतात, ईराला गणित समजावतात, चहा पितात. नवं वर्ष उजाडेपर्यंत माझ्या स्वयंपाकघराला सुट्टी आणि माझ्या पोटात दुखणं.

म्हणून गेल्या नाताळला मी डाव साधला. नोव्हेंबरातच मजल्याच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "या वर्षी टर्की आमच्याकडे. चीफ, तुम्ही फक्त जेवायला यायचं." चीफचं उत्तर आलं, "येस, मॅडम."

मी त्यांच्यासारखी उधळमाधळ केली नाही. माणसं मोजून बेताचीच टर्की आणली. सुगरणीचं अन्न उरत नाही, हे माझ्या आईचं शिक्षण. बादलीऐवजी दह्यात ठेवली, आत बटाटे आणि काजू भरले. काय सांगू, सोन्यासारखी झाली! समीरने तीनदा घेतलं. चिनी आजींनी हाडं चोखली. ईरासुद्धा "नॉट बॅड" म्हणाली. चीफ इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाच्या कोपऱ्यात बसले होते. "फर्स्ट क्लास, वहिनी," म्हणाले. मग रिकाम्या ताटाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "उरलं नाही काहीच?"

"कण नाही!" मी म्हणाले. त्या रात्री मी फार छान झोपले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ईरा गणिताची वही घेऊन दाराकडे बघत बसली. चिनी आजींनी जाळीच्या दारातून मला खुणेनेच विचारलं, तो कुठे आहे? शेवटी मीच गेले. चीफ घरातच होते. टीव्ही चालू होता, आवाज बंद.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"ठणठणीत आहे."

"मग आला नाहीत?"

ते ओशाळल्यासारखे हसले. "काय घेऊन येणार, वहिनी? जहाजावर बरं असतं. जेवायची वेळ झाली की मेसमध्ये जाऊन बसायचं, कुणी 'का आलात' विचारत नाही. मुलुंडला गेलो की दोन दिवस पाहुणा असतो. तिसऱ्या दिवशी मी कुठल्या खुर्चीत बसायचं, हे त्यांनाही कळत नाही आणि मलाही. त्यांच्या घराची घडी माझ्याशिवाय बसलेली आहे, त्यांची चूक नाही. इथे हातात डबा असला की बेल दाबता येते. टर्की काय, मला स्वतःला फारशी आवडतही नाही. पण ती आठवडाभर पुरते."

इतकी वर्षं ज्या डब्यांवर मी जळत होते, ते या माणसाने आत येण्यासाठी भरले होते. मला त्यांचा रागच आला.

"उद्या संध्याकाळी जेवायला या," मी म्हणाले. "साधा वरणभात आहे. आणि काहीही आणायचं नाही. आणलंत तर दारातून परत पाठवीन."

दुसऱ्या संध्याकाळी मी भात उतरवत होते. कॉरिडॉरमध्ये चपला वाजल्या, आमच्या दाराशी थांबल्या. बेल काही वाजेना. मी डोकावून पाहिलं. चीफ जाळीबाहेर उभे होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आधी मागे बांधले, मग खिशात घातले, मग बाहेर काढून तळव्यांकडे नुसते बघत राहिले.

माझ्या आधी ईराच धावली. तिने दार उघडलं, त्यांचा एक हात धरला आणि विचारलं, "अंकल, व्हाय सो लेट?"