मारोतरावांचा समुद्र

मारोतरावांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. गल्लीत त्यांचे किस्से सगळ्यात रंगवून सांगणारा मीच, पण दरवेळी एका जागी येऊन गप्प व्हायचो. आता ते नाहीत आणि माझंही फार उरलेलं नाही. तेव्हा आज सगळं सांगतो.

नांदेडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर एक लहान पूल आहे. गोदावरी तिथून हाकेच्या अंतरावर. मारोतराव रोज सकाळी बांबू घेऊन त्या पुलावर उभे राहत आणि नाल्यातून वाहत येणारी प्लास्टिकची पिशवी न् पिशवी अडवत. कुणी वरून काही फेकलं की शांतपणे म्हणत, "समुद्राला जाऊन राहिलं बरं का ते. तिकडं कुणीतरी तोंड वासून बसलंय."

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कोपऱ्यावरचा पानवाला एकदा म्हणाला, मारोतराव, समुद्र कुठं अन् नांदेड कुठं. यांचं उत्तर तयार, "मंग गोदावरी काय मुदखेडच्या टेशनात उतरून राहिली का?"

कुणी रामेश्वरहून आलं की प्रसाद तोंडात टाकायच्या आधी ते विचारत, तिकडं आपल्या गल्लीचं काही दिसलं का. एका टवाळ पोरानं सांगितलं, दिसली की, आपल्याच डेअरीची पिशवी, कासव चघळत बसलं होतं. मारोतराव दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी त्या पोराच्या आईनं त्याला कान धरून त्यांच्यापुढं उभं केलं आणि कासव खोटं होतं असं कबूल करायला लावलं.

भोकरला भाच्याच्या लग्नात पंगत उठल्याबरोबर हे प्लास्टिकचे ग्लास गोळा करत सुटले. मुलीकडच्या एका काकांना वाटलं, हा आचाऱ्याचा माणूस. वरण एवढं पातळ का, म्हणून त्यांनी यांना चारचौघांत झापलं. मारोतरावांनी हात जोडून माफी मागितली, आत जाऊन घट्ट वरण आणून वाढलं आणि वाढता वाढता त्यांचा ग्लासही उचलला.

अडवलेल्या पिशव्या ते माझ्या ओट्यावर आणत आणि एकेकीची गाठ सोडत बसत. गाठ मारलेली पिशवी त्यांना बघवत नसे. म्हणत, "जनावराला गाठ सोडता येत न्हाई, अण्णा."

मी मान हलवायचो. याच जागी मी किस्सा थांबवायचो.

मारोतरावांची एक गाय होती, चंद्री. घरात तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. सकाळी दूध काढून झालं की ती गल्लीत दारोदार फिरे आणि सगळ्यात आधी माझ्या फाटकाशी येई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं उरलेल्या पुरणपोळ्या माझ्याकडं दिल्या, गायीला हातानं चारा म्हणाली. माझ्या हातात पेपर होता. मी पोळ्या एका पिवळ्या पिशवीत कोंबल्या, मुंग्या लागू नयेत म्हणून गाठ मारली आणि पिशवी फाटकाला अडकवली. गाठही साधी नव्हती. तहसील कचेरीत उभा जन्म फायली बांधल्या, ती माझी गाठ, दोन वेढे आणि वर फास. चंद्रीनं पोळ्या पिशवीसकट गिळल्या. मी पेपरावरून ते पाहिलं आणि बसल्या जागेवरून तिला नमस्कारही केला.

पुढं तिचं पोट फुगलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तर आतून घमेलंभर प्लास्टिक निघालं. घराघरातलं होतं ते, पण वरच पिवळी पिशवी होती, गाठ जशीच्या तशी. चंद्री वाचली नाही. मारोतरावांच्या घरी समाचाराला सगळ्यात आधी मी गेलो.

काही दिवसांनी माझ्याच घरी टीव्हीवर समुद्रकाठी मरून पडलेला देवमासा दाखवत होते. त्याच्या पोटातून पिशव्या काढत होते. मारोतराव उठले, टीव्हीच्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही तर आपली चंद्रीच हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांबू घेऊन पुलावर उभे होते.

ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ओट्यावर सगळ्या पिशव्या सोडून झाल्या, तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पिवळी पिशवी काढली. धुऊन घडी घातलेली, गाठ अजून तशीच.

"एवढी तुम्ही सोडा, अण्णा. मला सुटत न्हाई."

फायलीची गाठ एका ओढीत सुटते. इतक्या वर्षांत हजारो गाठी सोडलेल्या माणसाला ती सुटत नव्हती. मी ओढली, सुटली. मारोतरावांनी पिशवी मांडीवर ठेवून हातानं सपाट केली आणि माझ्याकडं बघत राहिले. घाई नव्हती त्यांना.

दुसऱ्याच्या पातळ वरणाची माफी मागणारा माणूस समोर बसला होता. मारोतराव, ती पिशवी माझी, चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा टाकायला सांगू?"

"सांगा," ते म्हणाले. "कपबशीत सांगा. प्लास्टिकचा कप नको."