टाकीवरचा मासा

“माझी कवळी ही कवळी आहे, हे ज्या डॉक्टरने दात काढले त्यालासुद्धा ओळखता येणार नाही!” असं कवळीवाले छातीठोकपणे सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, गेली बावीस वर्षं ते लोकांना दात करून देत होते. पांढरेशुभ्र दात काय, कोणीही करील हो! पण साठीच्या माणसाला साठीचे दात द्यायचे, विडी ओढणाऱ्याला जरा पिवळट, चहाबाजाला मुळाशी तांबूस, आणि मधेच एखादा किंचित वाकडा, या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

अशा या गुणी माणसाला एकच दुखणं होतं. त्यांना साडू होता.

साडूचं टाइल्सचं दुकान. दिवसभर चकचकीत माल विकून विकून माणूसही चकचकीत झालेला. बूट चकचकीत, टक्कल चकचकीत, हसला की दात चकचकीत! आणि ते दात त्याचे स्वतःचे होते, ही गोष्ट कवळीवाल्यांना फार लागायची.

दोघांचे सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आपली जुनी हिरवी मोटरसायकल थोरल्या जावयाला, म्हणजे कवळीवाल्यांना दिली. त्या दिवशी कवळीवाल्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. पण ते सुख टिकलं किती? जेमतेम तीन महिने! साडूने कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्याच बनावटीची, त्याच सालची गाडी हुडकून काढली, रंगवली आणि एका रविवारी सासऱ्यांच्या दारात आणून उभी केली. गाडी कसली, आरसाच तो! शेजारणी त्यात बघून केस सारखे करायला लागल्या. शेजारी कवळीवाल्यांची गाडी उभी होती. रंग विटलेला, मडगार्डवर पोपडे, टाकीला सासऱ्यांच्या गुडघ्यांनी घासून पडलेले दोन फिकट पट्टे.

“भाऊ, तुमचीपण एकदा रंगवून टाका ना,” साडू म्हणाला. “माझ्या गाडीशेजारी उभी असली की मलाच कसंतरी होतं.”

कवळीवाल्यांच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की तो आठ वर्षांत विझला नाही. दर रविवारी साडूची गाडी बघायची, आणि सोमवार ते शनिवार जळायचं! स्वतःच्या गाडीकडे मात्र त्यांनी या आठ वर्षांत नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

“अहो, रंगाचं काही डोक्यात घेऊ नका हं,” बायको बजावून सांगायची. “आहे ती बाबांच्या हातची गाडी आहे. तो रंग दुकानात मिळत नाही.”

“मी कुठे काय म्हणतोय?” कवळीवाले म्हणायचे, आणि रंगांचं पुस्तक उशीखाली सरकवायचे.

मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेली. ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच कवळीवाल्यांनी गाडीला किक मारली.

पेंटर म्हातारा होता, आणि कमी बोलणारा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर बोटं फिरवली आणि म्हणाला, “साहेब, एकदा विचारतो. मूळ रंग आहे. घासला की गेला. परत येत नाही.”

“घासा!”

“पुन्हा विचारतो.”

“अहो घासा हो!”

“तिसऱ्यांदा मी विचारत नाही,” असं म्हणून पेंटरने पॉलिश पेपर हातात घेतला.

पाचव्या दिवशी गाडी बाहेर आली आणि कवळीवाल्यांचे डोळे पाणावले. काय ती झळाळी! साडूची गाडी आरसा असेल, तर ही दिवाणखान्यातला मोठा आरसा होती! ते थेट साडूच्या दुकानावरून गेले. एकदा गेले, वळून पुन्हा गेले, हॉर्न वाजवत तिसऱ्यांदा गेले. शेवटी दुकानातला नोकर बाहेर येऊन म्हणाला, “शेठ नाहीत. सासऱ्यांना दवाखान्यातून घरी सोडायला गेलेत.”

आता बघा! इतका खटाटोप केला, आणि बघणारा नेमका गैरहजर! वर तिकडे सेवा करून मार्क मिळवतोय. कवळीवाले चरफडत घरी आले, तर फोन वाजत होता. सासऱ्यांचाच होता.

“जावईबापू, डोळा झकास झाला! समोरच्या भिंतीवरची मुंगी दिसते, तिचे पायसुद्धा मोजता येतात. बरं, ऐका. परवा मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, स्पर्धाही आहे. रंगवलेल्या गाड्यांचा गट वेगळा, मूळ रंगाच्या गाड्यांचा वेगळा. मूळ रंगात मी तुमचं नाव देऊन ठेवलंय.”

कवळीवाल्यांनी खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे पाहिलं.

“धाकट्यांनी हौसेने गाडी चकचकीत केली, चांगलंच आहे,” सासरे पुढे म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. “पण तुम्ही जपलीत. मला तोंडावर बोलता येत नाही, पण चार लोकांत मी तुमचंच नाव घेतो. ठेवतो.”

आठ वर्षं कवळीवाले ज्या दोन शब्दांसाठी झुरले, ते दोन शब्द मिळाले. कधी मिळाले? तर अंगणात रंग ओला असताना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता सासऱ्यांना खरं सांगायचं, तर ते नाव चार लोकांत पुन्हा कोण घेणार? साडूचंच घेतील! या एका विचाराने कवळीवाले खुर्चीतून उठले.

“बावीस वर्षं लोकांच्या तोंडात म्हातारपण बसवतोय,” ते स्वतःशी म्हणाले. “एक टाकी म्हातारी करता येऊ नये?”

दोन दिवस रजा टाकली. दवाखान्यातली घासायची पावडर आली, छोटी मोटर आली, तिच्यावर फिरणाऱ्या चकत्या आल्या. कोऱ्या चहाचं पातेलं सकाळपासून उकळत राहिलं. कवळीवाल्यांनी मडगार्डला पोपडे आणले, कडेला गंज आणला, झाकणाभोवती पेट्रोलचे ओघळ आणले. हाताला अशी काही लय आली, की मधेच ते मागे सरून स्वतःवरच खूश झाले. मग पट्टे काढायला बसले, आणि हात थांबला. टाकीवर आणखी काय काय होतं? आपल्या गाडीचा चेहरा आठवून बघावा तर साडूची गाडी डोळ्यांपुढे यायची. तिचा नट न् नट पाठ होता!

शेवटी त्यांनी मोबाईलमध्ये फोटो धुंडाळले. आपल्या गाडीचा एकही नाही. एक सापडला, तो साडूने स्वतःच स्वतःचा काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलेला. त्यात बारा आणे साडूचं हसू, आणि मागे चार आणे कवळीवाल्यांच्या गाडीची टाकी. टाकीवर गुडघ्याचा पट्टा होता, आणि त्याच्यावर टोकदार वस्तूने ओरबाडलेला एक वेडावाकडा मासा. बायकोने सहा वर्षांची असताना कर्कटकाने काढलेला! हे तिने लग्नानंतर दहा वेळा सांगितलं होतं, आणि त्यांनी दहाही वेळा हं हं केलं होतं.

दुपारभर कवळीवाले साडूच्या दातांकडे बघत बसले, आणि त्यांच्या आडून दिसणारा मासा टाकीवर उतरवत राहिले. डोळा, शेपटी, पाच खवले. याहून मोठी शिक्षा यमाच्या दरबारीसुद्धा नसेल. पण मासा झाला! इतका हुबेहूब की पाण्यात सोडला असता तर पोहला असता.

मेळाव्याच्या सकाळी मैदानावर गाड्यांच्या रांगा लागल्या. कवळीवाल्यांनी गाडी लावली आणि लोक जमायला लागले. “वा! मूळ रंग!” “जपलीय हो माणसाने!” “हे पट्टे बघा, हे खोटे करता येत नाहीत!” कवळीवाले हात मागे बांधून नम्रपणे उभे. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून साडू आला. आपल्या चकचकीत गाडीपाशी त्याला कोणी विचारत नव्हतं. त्याने कवळीवाल्यांच्या गाडीभोवतीची गर्दी बघितली, आणि त्याचा चेहरा पडला.

“भाऊ,” तो म्हणाला, “आधी माझ्या कधी लक्षातच आलं नाही. तुमची गाडी काही औरच दिसते.”

पोटशूळ! साडूच्या चेहऱ्यावर चक्क पोटशूळ! कवळीवाल्यांना तो असा ओळखू आला, जसा जन्माचा सोबती गर्दीत ओळखू यावा. आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण होता. तो साधारण चार मिनिटं टिकला.

मग बायको सासऱ्यांना घेऊन आली. सासऱ्यांनी काळा चष्मा वर केला. ते गाडीवर बसले आणि डावा हात टाकीवर ठेवला. अंगठा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. काहीतरी शोधत होता.

“फाटकापाशी थांबलो की अंगठा आपोआप माशावर जायचा,” ते हळूच म्हणाले. “चाळीस वर्षांची सवय.”

अंगठ्याखाली गुळगुळीत हिरवा रंग होता. सासरे उतरले आणि गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले. मासा तिथे होता! ते वाकले आणि बोटाने खवले मोजले. पाच! ते परत डावीकडे आले, परत उजवीकडे गेले. लोकांना वाटलं म्हातारा गहिवरला.

“जावईबापू,” सासरे कवळीवाल्यांच्या कानाशी आले, “मासा पोहत पलीकडे गेला काय?”

साडूने तो फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला होता, आणि त्यात डावं ते उजवं दिसतं, हे त्यांच्या डोक्यात आत्ता, इथे, भर मैदानात शिरलं! बायकोने एकदाच टाकीकडे पाहिलं आणि एकदाच नवऱ्याकडे.

“अहो, माझा मासा?” ती म्हणाली. पुढे आठ दिवस ती काही बोलली नाही.

“नाव तुम्ही मागे घेता की मी घेऊ?” सासऱ्यांनी विचारलं.

कवळीवाले मुकाट्याने संयोजकांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “माझी गाडी स्पर्धेतून काढा.” संयोजकांनी कारण विचारलं. कवळीवाल्यांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड केलं. तेव्हा संयोजकांनीच कारण शोधलं, की सासऱ्यांनी नाव दिलेलं, म्हणजे घरच्या माणसाची शिफारस नको म्हणून! “काय हा विनय!” ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. कवळीवाल्यांना त्या टाळ्या मुस्काटात बसल्यासारख्या वाटल्या.

साडू मात्र हट्टालाच पेटला. “बाबा, मला अशीच गाडी हवी! कुठे मिळेल?”

सासऱ्यांनी थोरल्या जावयाकडे बराच वेळ पाहिलं. नव्या डोळ्याने पाहिलं. मग म्हणाले, “मिळत नाही. करून घ्यावी लागते. थोरले करून देतील की! नाही का हो, जावईबापू?”

नाही म्हणायची सोय होती का? तोंड उघडलं, की मैदानभर बोभाटा!

सहा रविवार! सहा रविवार कवळीवाले साडूच्या गॅरेजमध्ये उकिडवे बसून त्याच्या गाडीची झळाळी उतरवत होते. साडू खुर्ची टाकून वर बसलेला. “भाऊ, इथे जरा गंज वाढवा ना.” “भाऊ, हा पोपडा मनाला येत नाही.” गंमत म्हणजे कवळीवाल्यांनी ठरवलं होतं, की काम मुद्दाम वाईट करायचं. पण कसबी हाताला वाईट करता येतं थोडंच? त्यात एकदा सराव झालेला. पट्टे असे उतरले, ओघळ असे वठले, की सहाव्या रविवारी गाडी उन्हात उभी राहिली तेव्हा कवळीवाल्यांच्या पोटात जुनी कळ उठली. साडूची गाडी त्यांच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जुनी दिसत होती!

सासरे बघायला आले. गाडीवर बसले. तळहात टाकीवरून फिरवत म्हणाले, “हं. छान!” आणि बघता बघता किक मारून एक चक्कर मारायला निघूनसुद्धा गेले. थोरल्याच्या गाडीवर ते मेळाव्यानंतर एकदाही बसले नव्हते.

फाटकातून एक शेजारी डोकावला. “वा! काय गाडी गेली हो ही! मूळ रंग का?”

“मूळ म्हणजे? अगदी मूळ!” साडू म्हणाला, आणि त्याने कवळीवाल्यांच्या खांद्यावर हात टाकला. “आजवर एका माणसाला हात लावू दिलेला नाही. काय भाऊ?”

कवळीवाल्यांनी नखांतला हिरवा रंग लपवायला दोन्ही हात खिशात घातले.

“हो ना,” ते म्हणाले. “मी साक्षीदार आहे.”