उजव्या पायाचे अकरा बूट

गुरुदत्त जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या एका मोटार कारखान्यात उत्पादनाची वेळापत्रकं आखत असे, आणि सुट्टीतही त्याचा हात थांबत नसे. कंबोडियाला निघण्यापूर्वी त्याने जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. एका दिवसात अंगकोरची सहा देवळं, प्रत्येकी पन्नास मिनिटं.

"आणि पाणी कधी प्यायचं?" त्याच्या बायकोने, मीनलने, विचारलं.

"बसमध्ये."

पुण्याहून मुलाकडे आलेल्या प्रभाताई तक्ता पाहून काहीच बोलल्या नाहीत. गुरुदत्तने ती संमती धरली.

सहलीत हे तिघे आणि आठ जर्मन, आणि सहल कंपनीने गुरुदत्तचाच तक्ता मान्य केलेला. वाटाड्या सोखा तिकिटं दाखवायला मागे थांबला, तेवढ्यात पहिल्या देवळाच्या पूर्वदारात प्रभाताईंनी बूट काढले.

"आई, हे नुसते अवशेष आहेत. इथे पूजा होत नाही," मीनल म्हणाली.

"म्हणून देव जागा सोडून गेला, असं कुणी लिहून दिलंय?"

मग त्यांनी डावा बूट तिथेच ठेवला आणि उजवा पश्चिमदाराशी ठेवून आल्या. जोडी फोडली की चोराला काही करता येत नाही, हे त्यांचं चाळीस वर्षांच्या देवदर्शनातून सिद्ध झालेलं शास्त्र होतं.

जर्मनांपैकी निवृत्त न्यायाधीश हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट हे टक लावून पाहत होते. "असा नियम आहे का?" त्यांनी गुरुदत्तला विचारलं.

खरं काय ते समजावायला तीन मिनिटं लागली असती, आणि ती तक्त्यात नव्हती. "या, गेनाऊ," गुरुदत्त जर्मनमध्ये म्हणाला, म्हणजे 'हो, अगदी बरोबर'.

नियम म्हटल्यावर आठही जर्मनांनी डावे बूट पूर्वेला आणि उजवे पश्चिमेला ओळीत लावले. त्यांच्या पत्नी फ्राउ ब्रांटनी मोज्यांच्या घड्याही केल्या. आता खुद्द गुरुदत्त-मीनलला बूट घालून फिरायची सोय उरली नाही. सोखा आला तेव्हा त्याला अकरा अनवाणी माणसं दिसली. पाहुण्यांच्या धर्मात आपण पडू नये, म्हणून तो गप्प राहिला.

पन्नास मिनिटांनी पश्चिमदार रिकामं होतं. उजव्या पायाचे अकरा बूट म्हणजे बेवारस माल, असं समजून झाडणाऱ्या बाईने ते तिकीट कचेरीत पाठवले होते. कचेरी जेवणासाठी बंद, दोनला उघडणार. आणि मालकी पटवायला डावे बूट दाखवावे लागणार. सोखाने डावे अकराही पोत्यात भरले आणि तो गेला.

"दुसरं देऊळ तीनशे मीटरवर तर आहे," गुरुदत्त म्हणाला. "मी तसाच जाऊन येतो."

"पाय भाजतील," मीनल म्हणाली.

"काही होत नाही."

तो एकोणीस पावलं चालत गेला आणि सात उड्यांत परत आला.

आत, गार दगडावर, प्रभाताई भिंतीवरच्या कोरीवकामासमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि जर्मन त्यांच्याभोवती. "हा वासुकी. इकडे देव, तिकडे दैत्य. ओढताहेत बघा कसे," त्या मराठीत सांगत होत्या.

"गेनाऊ," हेर ब्रांट म्हणाले.

पोतं साडेपाचला परतलं. पाच देवळं राहिली ती राहिलीच.

नेकारसुल्मला परतल्यावर गुरुदत्त रोज तक्रारीची वाट पाहत होता. तिसऱ्या आठवड्यात सहल कंपनीची मेल आली. ती त्याने उभ्यानेच वाचून दाखवली. आठही प्रवाशांनी तो दिवस सर्वोत्तम ठरवला होता. पुढच्या वर्षी पूर्ण दिवस एकच देऊळ, तेही अनवाणी; आणि आपल्या मातोश्री मार्गदर्शक म्हणून येतील का?

"येईन की," प्रभाताई म्हणाल्या.

"दुभाष्या म्हणून मी लागेनच," गुरुदत्त म्हणाला.

"कशाला? मी सांगते, ते हो म्हणतात. तू मध्ये आलास की घड्याळ काढशील."