गोमा मुकादमाची मनगटतपासणी

गोमा मुकादमाच्या हातात हात दिल्याशिवाय आमच्या गिरणीत कुणालाही पाऊल टाकता येत नसे. ठाण्याच्या खाडीकाठी सुताची गिरणी तेव्हा नवीन निघाली होती आणि मी तिथे हजेरी कारकून होतो. सकाळचा पहिला भोंगा झाला की गोमा दाराशी उभा राही आणि नाडी बघावी तसं एकेकाचं मनगट धरी. मूळचा मिठागरातला आगरी माणूस, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा.

"निजलास का? पोटान काय हाय? बायकोशी भांडलास काय?"

तिन्ही उत्तरं मनासारखी आली तर आत. नाहीतर दिवसभर कापसाच्या गाठी उचलायच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या साच्याजवळ फिरकायचं नाही. यंत्र कधी बोट तोडत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. बोट तोडते ती झोप, उपास आणि बायको. एकादशीला तो बंडीच्या खिशात गूळ घेऊन येई आणि उपाशी माणसांच्या तोंडात स्वतः कोंबी. "देव समजून घेल, पट्टा नाय घेनार!"

सखाराम नावाचा एक वस्ताद रोज बायकोशी भांडल्याचं सांगून साच्यावरून सुटका करून घेई. पाचव्या दिवशी गोमाने त्याच्या बायकोलाच दाराशी बोलावून विचारलं. त्या दिवशी मात्र सखारामाचं भांडण खरंच झालं.

माझ्या हातात काय ती लेखणी, पण मीही सुटलो नाही. लग्नातली अंगठी त्याने साबण लावून काढून दिली. सासऱ्यांना काय सांगायचं, ते मात्र सांगितलं नाही.

असा हा माणूस एकदा चांगलाच पेचात पडला. बाळ्या साचेवाला लग्नासाठी दोन दिवस घरी राहिला होता. तिसऱ्या दिवशीही आला नाही तर त्याचं नाव हजेरीपटावरून उडणार होतं. तो धावत आला खरा, पण मनगटावर हळकुंड बांधलेलं लग्नाचं कंकण तसंच! ते नवरीने परातीतल्या पाण्यावर एका हाताने सोडायचं असतं आणि तो सोहळा संध्याकाळी व्हायचा होता.

"हा दोरा पट्ट्यान गेला तं हातपन जाल," गोमा म्हणाला. "आत नाय."

"मुकादम, नोकरी जाईल माझी!" बाळ्या रडकुंडीला आला.

"अहो, मग कापून टाका ना," मी चाकू पुढे केला.

गोमा माझ्यावर असा खेकसला की चाकू माझ्याच हातून पडला. दुसऱ्या भोंग्याला अर्धा तास होता. त्याने पहारेकऱ्याला मागच्या वाडीत बाळ्याच्या घरी पिटाळलं आणि नवरीला परातीसकट बोलावून घेतलं. तिच्यामागून करवल्या, सासू आणि दोन कुत्रीही आली. दारातच परात मांडली. कुणीतरी म्हणालं, मंत्र हवेत. सगळ्यांनी माझ्या जानव्याकडे पाहिलं. मला धड पाठ होती ती फक्त संध्या. तीच मी खड्या आवाजात म्हटली.

"एका हातानं! एका हातानं!" बायका ओरडत होत्या. पोरगी लाजेने आणि घाईने घामाघूम झाली. गाठ काही सुटेना. इंजिनेर साहेब घड्याळ काढून उभा राहिला. तो काही बोलणार तेवढ्यात गोमाने त्याच्याही हातावर गूळ ठेवला. गोंधळून साहेबाने तो खाल्ला. शेवटी गाठ सुटली, कंकण परातीत पडलं आणि भोंग्याच्या आवाजात बाळ्या आत पळाला.

गर्दी पांगली. गोमा मात्र तिथेच बसून होता. मी विचारलं, "चाकूने एका क्षणात झालं असतं. एवढा खटाटोप कशाला?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माजा मी कापलेला. पयल्या गिरनीन, अशाच भोंग्याच्या घाईन. सांजचा घरी गेलो, तं बायको परातीन पानी घेऊन बसलेली."

"मग?"

"मग काय. माजा मनगट बगितला आनि पानी ओतून दिला. काय बोलली नाय. मरेपरत त्यावर कदी बोलली नाय."

मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि त्याचा हात हातात घेतला.