निमाआत्या पाण्यावर उभी राहते

माझ्या चुलत आजोबांची तिरडी दारातून निघाली, तेव्हा निमाआत्याने शिट्टी वाजवली. खरीखुरी, गळ्यात दोरीने अडकवलेली पितळी शिट्टी. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. गुरुजी मंत्र विसरले. आत्या पुढे आली, चौघा खांदेकऱ्यांकडे तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "उंच-उंच पुढे, बुटके-बुटके मागे. असं तिरपं न्याल तर काका रस्त्यात घसरतील."

भयंकर गोष्ट अशी की तिचं बरोबर होतं. एका बाजूला माझा सहा फुटी चुलतभाऊ आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या खांद्याला लागणारे शेजारचे काका होते. तिरडी खरंच कलली होती. खांदेकरी निमूटपणे बदलले आणि आजोबा एकदम सपाट गेले. मी मम्मीच्या मागे उभी होते आणि ही बाई माझी कोण लागते हे कुणाला कळू नये एवढीच प्रार्थना करत होते.

ती माझी सख्खी आत्या लागते. पप्पांची थोरली बहीण. बुऱ्हाणपुरातल्या एका मुलींच्या शाळेत तिने निवृत्त होईपर्यंत पी.टी. शिकवली. गावातल्या निम्म्या बायका आजही बाजारात तिला बघितलं की पोट आत घेतात. लग्न तिने केलं नाही. का, हे विचारायची हिंमत कुणाची झाली नाही. राजघाटाजवळ दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाही, 'हजर' म्हणते. आणि तिचा सगळ्यात आवडता शब्द आहे 'परत'. कुणी अर्धवट नमस्कार केला, "परत." चहात साखर कमी पडली, कप पुढे करून, "परत." एकदा आमच्या गल्लीतल्या एका नवरदेवाने उखाणा पुटपुटत घेतला, तर मांडवाच्या मागच्या रांगेतून आवाज आला, "परत." त्याने बिचाऱ्याने परत घेतला.

माझ्यावर तिचा विशेष राग. मी इंग्रजी शाळेत शिकले, घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. आत्याच्या मते या सगळ्याचं मूळ माझ्या पाठीच्या बाकात आहे. ती मला म्हणते, "गुड्डी, तू चालत नाही. तू माफी मागत जाते."

गेल्या हिवाळ्यात ही आत्या मोरीत घसरून पडली. सकाळी पडली आणि संध्याकाळी दूधवाल्याने दार वाजवेपर्यंत तिथेच होती. मनगट मोडलं होतं. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा तिने त्यांना सांगितलं की मी शवासन करून राहिली, तुम्ही कशाला आले.

पप्पांनी ते ऐकलं आणि ते दुकान अर्ध्यावर सोडून गेले. आमच्या घराची वरची खोली रिकामी आहे. त्यांनी तिला म्हटलं, ताई, आता इकडे चल. तिने सांगितलं, "पाहुणी म्हणून येईन, सामान म्हणून नाही." प्लास्टर असेपर्यंत ती आमच्याकडे पाहुणी म्हणून राहिली. प्लास्टर निघायच्या सुमाराला पप्पांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग पप्पांचा पारा चढला आणि जेवता जेवता ते बोलून गेले, की ताई, तुला साधं जमिनीवर उभं राहता येत नाही आणि एकटी राहायच्या गोष्टी करते.

मम्मीचं लाटणं थांबलं. आत्याला असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझं दुर्दैव असं की त्याच वेळी माझा फोन आत्याच्या हातात होता, आणि त्यावर कुठल्या तरी समुद्रात लाटेवर फळी घेऊन उभ्या राहिलेल्या एका मुलीचा व्हिडिओ चालू होता. आत्याने तो शेवटपर्यंत बघितला.

"जमिनीवर तर कोणीही उभं राहते, नंदू," ती म्हणाली. "मी पाण्यावर उभी राहून दाखवते."

पप्पा हसले. थकलेलं हसू होतं ते. म्हणाले, "राहिली तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. पडली तर गुपचूप सामान बांधायचं."

"शब्द?"

"शब्द."

पप्पांचा शब्द म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुकानात एकदा चुकून कमी भाव तोंडातून गेला तरी त्याच भावाने कापड देतात आणि मग दोन दिवस जेवत नाहीत. मला तरीही ती थट्टाच वाटली होती. संध्याकाळी आत्या माझ्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, शोध. गोव्यात लाटेवर उभं राहायला शिकवणारा, नवशिक्यांचा एक गट होता, सकाळचा वर्ग. आत्याने दोन जागा घ्यायला लावल्या. दुसरी माझी. साक्षीदार म्हणून.

प्लास्टर निघाल्यावर सुरू झाला सराव. आधी आमच्या अंगणात पाटावर. ती पाटावर पालथी पडायची, दोन्ही हात छातीशी टेकवायची आणि एका झटक्यात उभी राहायची. मम्मी हे बघून देवघरात निघून जायची. पाट तिला लवकरच सोपा वाटायला लागला. मग तिने बहादरपूरला निरोप धाडला. तिथे तिची एक जुनी विद्यार्थिनी केळीच्या बागायतदाराकडे दिली आहे. घड कापून झाला की केळीचा खांब तसा फुकटच जातो. आमच्याकडची पोरं तोच पोटाखाली घेऊन विहिरीत पोहायला शिकतात. आत्याही तशीच शिकली होती. आता तिने तीन खांब बांबूच्या खुंट्या ठोकून एकमेकांना जोडून घेतले आणि राजघाटावरून तापीत सोडले.

पप्पांना दुकानात फोन आला. फोन करणाऱ्याला नीट सांगताच येईना. तो म्हणाला, तुमच्या ताई तापीत आहेत. पप्पा घाबरून म्हणाले, पडल्या? तो म्हणाला, नाही हो, उभ्या आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा घाट भरलेला होता. कपडे धुणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या. आत्या पांढरा पंजाबी ड्रेस खोचून केळीच्या तराफ्यावर ताठ उभी होती, नजर समोर. मग खांब गरकन फिरला आणि ती पाण्यात गेली. वर आली, तोंडातलं पाणी थुंकलं आणि स्वतःलाच म्हणाली, "परत." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.  पप्पा मात्र ती बाहेर येईपर्यंत पायरीवर टॉवेल घेऊन बसून राहिले.

गोव्याची गाडी आमच्या गावावरूनच जाते, त्यामुळे मला कुठलंच कारण सांगता आलं नाही.

किनाऱ्यावर आमचा शिक्षक होता नवीन नावाचा, कर्नाटकातला, वयाने माझ्याएवढाच, उन्हाने केस पिंगट झालेला. गटात बेंगळुरूचं एक नवं जोडपं आणि पुण्याचे तीन मित्र. सगळ्यांना अंगाला चिकटणारे काळे टी-शर्ट दिले. मी तो घातला आणि वरून माझी ओढणी घेतली. आत्या तिचा घालून बाहेर आली आणि मला दुसरीकडे बघावं लागलं. जन्मात मी तिला असं बघितलं नव्हतं. तिने एकदा स्वतःच्या दंडाकडे बघितलं, दुसऱ्यांदा माझ्या ओढणीकडे, आणि ओढणी काढून घेऊन खुर्चीला बांधली.

नवीनने वाळूत सगळ्यांना गोल उभं केलं. मिनिटभराने मी बघते तर आम्ही रांगेत होतो, उंचीप्रमाणे. हे कधी झालं नवीनलाही कळलं नाही. तो इंग्रजी-हिंदीत सूचना देत होता आणि प्रत्येक सूचनेनंतर आत्या 'येस सर' म्हणत होती. वर्गात शिकवणारा तो सर, मग तो नातवाच्या वयाचा का असेना. पण फळीवर झोपा म्हटल्यावर ती थांबली. सरांना म्हणाली, पाय लावायचाय ना हिला, आधी नमस्कार करू द्या. तिने वाकून फळीला नमस्कार केला. बेंगळुरूच्या मुलीने केला. मग सगळ्यांनीच केला. शेवटी नवीननेही केला.

पाण्यात जाताना ती त्याला अभिमानाने म्हणाली, की आमची तापी इथेच येते. तो नम्रपणे म्हणाला, मॅम, वो तो सूरत में आती है. आत्या म्हणाली, "पाण्याला काय स्टेशन असते का?"

माझं समुद्रातलं आयुष्य फार छोटं होतं. पहिल्याच लाटेने मला उलटं केलं, नाकात खारं पाणी गेलं आणि मी बाहेर येऊन वाळूवर बसले. आत्या ओरडली, "परत." मी मान हलवली. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं, हाच मला धक्का होता. मी फोन काढला. पप्पांनी व्हिडिओ मागितला होता.

आत्या पडत होती. नवीन फळी धरायचा, लाट आली की ढकलायचा, ती झटक्यात उभी राहायची आणि त्याच झटक्यात आडवी व्हायची. पुण्याचे मित्र एकेक करून उभे राहिले, ओरडले, एकमेकांना टाळ्या दिल्या. नवरा-बायको उभे राहिले. आत्या पडत होती. नवीन परत परत सांगत होता, घुटने मोड़ो मॅम. मला लांबून दिसत होतं की अडचण तिथेच आहे. हाताने रेटून ती वर येईपर्यंत सगळं ठीक असायचं. पण उभी राहिली की तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे, टाचा जुळायच्या, छाती पुढे यायची. ती समुद्रावर सावधानमध्ये उभी राहत होती. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना तिने तेच शिकवलं होतं, आणि तिचं शरीर दुसरं काही ऐकत नव्हतं.

वर्ग संपत आला. बाकीचे फळ्या उचलून बाहेर आले. नवीनने तिला काहीतरी सांगितलं, बहुतेक आता पुरे असं. तिने मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं आणि मान हलवली. त्याने आणखी एक लाट येऊ दिली आणि फळी ढकलली.

ती उठली. आणि मग मला तिचा मैदानावरचा आवाज ऐकू आला, सगळ्या किनाऱ्याने ऐकला असेल.

"विश्राम."

तिचे पाय फाकले. गुडघे वाकले. खांदे खाली आले. असे खांदे मी तिचे कधी बघितले नव्हते. फळी तशीच सरकत, फेसावरून, पार माझ्यापर्यंत आली आणि वाळूला लागली, आणि निमाआत्या शांतपणे तिच्यावरून खाली उतरली, जणू बसमधून उतरली. पुण्याचे मित्र शिट्ट्या मारत होते. नवीन कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारत होता. मी कधी उभी राहिले, कधी ओरडायला लागले, मला माहीत नाही. मी ओरडत होते, एवढं खरं.

ती माझ्याजवळ येऊन वाळूत बसली. धाप लागली होती. मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने तो शेवटपर्यंत बघितला, मग परत लावायला सांगितला, मग परत. मी म्हटलं, पप्पांना पाठवते. आत्या, तू जिंकली.

"नको पाठवू," ती म्हणाली. "नंदूला सांग, पडली."

मला वाटलं पाणी डोक्यात गेलं. मी विचारलं, का पण?

 ती पायाला लागलेली वाळू झाडत म्हणाली, "जिंकली तर तो परत बोलावणार नाही ना गं. शब्दाचा पक्का आहे तो."

 मी म्हटलं, मग इतकं पडत कशाला राहिलीस? पहिल्यांदाच सोडून द्यायचं.

"उभी तर राहायचं होतं ना," ती म्हणाली. "ते वेगळं." आणि मग हळूच, "मोरीत पडली होती ना, तेव्हा दुपारी फोन वाजला होता आतमध्ये. मी 'हजर, हजर' म्हणत राहिली. कोणाला ऐकू जाते?"

मला खोटं बोलता येत नाही. खरं तर मला फोनवर बोलताच येत नाही, मी मेसेज करते. पण मी पप्पांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हटलं, पप्पा, आत्या पडली.

 त्यांनी विचारलं, लागलं तर नाही? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं. पुन्हा म्हणाले, बरं, बरं. मग एका दमात म्हणाले, रंगवाल्याला उद्याच बोलावतो, वरची खोली करून घेतो, ती येईपर्यंत वास जायला पाहिजे.

आत्या माझ्याकडे पाठ करून ओल्या केसांतलं पाणी पिळत होती. ऐकत नसल्यासारखी.

"त्याला म्हण," ती म्हणाली, "पिवळा नको."