दोन सीटांची लाल गाडी

ताडपत्री बाजूला झाली आणि विद्याधररावांच्या मनात पाप आलं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला तो गाळा. बाहेर भर दुपारचं ऊन पत्रे तापवत होतं आणि आत मात्र विहिरीत उतरावं तसा गारवा. मधोमध ती बसली होती: दोन सीटांची, लाल, विलायती स्पोर्ट्स कार. नाक जमिनीला टेकवून, दबा धरून. विशीत असताना विद्याधररावांनी अशाच गाडीचं चित्र गादीखाली लपवलं होतं. लग्नानंतर मृणालिनीबाईंनी ते रद्दीत घातलं. पण रद्दीवाल्याला चित्र नेता आलं, गाडी नेता आली नाही.

विद्याधरराव मुलुंडचे. विमा कंपनीचे निवृत्त सर्व्हेअर. जुन्या गाडीतला कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून डकवलेला, हे सांगावं तर त्यांनीच. त्यांनी मान हलवून "अरेरे!" म्हटलं की सौदा मोडायचा, "ओरिजिनल" म्हटलं की व्हायचा. हा शब्द आजवर त्यांनी कधी खोटा टाकला नव्हता. म्हणूनच जुन्या गाड्या जमवणाऱ्या घाटकोपरच्या धवलने त्यांना बरोबर आणलं होतं.

"काका, तुम्ही हो म्हणालात तर गाडी आपली," धवल म्हणाला. "एक स्क्रू जरी डुप्लिकेट निघाला तर नको. आपलं तत्त्व आहे."

"स्क्रू काय घेऊन बसलात, धूळसुद्धा ओरिजिनल आहे," गाडी विकणारी गंधाली म्हणाली. ती बोरिवलीला बँकेत होती. गाडी तिच्या माणिककाकांची. काका मालवणचे, अविवाहित, आणि गेल्या साली वारले ते याच गाडीत बसल्या बसल्या. "काकाने कुणाला हात लावू दिला नाही हो. फक्त एक करा. बसायच्या आधी विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं. आमच्या घरात तशी पद्धत आहे. परवानगी मागितल्याशिवाय बसायचं नाही."

"गाडीत बसायला गाऱ्हाणं?" विद्याधरराव हसले. "अगं, मी सर्व्हेअर आहे, देवस्थानाचा मानकरी नव्हे."

गंधालीने बॉनेटवर पान-सुपारी ठेवली.

विद्याधररावांची तपासायची रीत ठरलेली. खिशातून लोहचुंबक काढायचं आणि रुमालाची घडी मध्ये धरून पत्र्यावर फिरवायचं. पत्रा मूळचा असेल तर चुंबक ओढतं; ठोकून पुट्टी भरलेली असेल तर गळून पडतं. त्यांनी दार तपासलं. चुंबक चिकटलं. मडगार्ड तपासलं. चिकटलं. हातातून सुटून धावेल की काय इतकं ओढ घेत होतं. गाडी शंभर नंबरी होती. आणि आता ती "ओरिजिनल" म्हटली की धवलची होणार होती.

विद्याधररावांनी हळूच रुमालाची आणखी एक घडी घातली. मग आणखी एक. चुंबक दारावरून टपकन खाली पडलं.

"अरेरे!" ते म्हणाले.

धवलचा चेहरा उतरला. "पुट्टी?"

"किलोभर."

"अशक्य!" गंधाली म्हणाली. "ठोकायला आधी गाडी बाहेर तरी न्यायला हवी ना!"

खाली पडलेलं चुंबक फरशीवरून आपसूक सरपटत गेलं आणि दाराला जाऊन चिकटलं. खट्ट. फक्त विद्याधररावांनीच ते पाहिलं. गाळ्याची जमीन उतरती असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चढाकडे उतरती.

आता मागे येणं शक्य नव्हतं. खोट्याचं असंच असतं, एकाला सोबत म्हणून दुसरं लागतं. त्यांनी विडा बाजूला सारून बॉनेट उघडलं. "इंजिनाचा नंबर पुन्हा ठोकलेला दिसतोय."

बॉनेटच्या आतून कुणीतरी खाकरलं.

"धूळ गेली का घशात?" धवलने विचारलं.

"मी नाही खाकरलो."

"मग?"

"इंजिन थंड आहे," विद्याधरराव म्हणाले. या उत्तराला अर्थ नव्हता, पण धवलने मान डोलावली. "सीटचं कातडंही नंतरचं. थांब, दाखवतो."

"काका, विचारून बसा," गंधाली म्हणाली. "प्लीज."

विद्याधरराव न विचारता बसले. दार आपलं आपण लागलं. काचा वर गेल्या. बॅटरी तर कोपऱ्यात स्टुलावर काढून ठेवलेली होती. आत खोबरेल आणि चिरुटाचा वास दाटला, आणि शेजारची रिकामी सीट कुरकुरत खाली दबली. एखादा भरल्या अंगाचा माणूस निवांत टेकावा तशी.

"माझ्या गाडियेक पुट्टी?" कानापाशी आवाज आला. "मेल्या, आता तुका तपासतंय."

विद्याधररावांनी दाराचं हॅण्डल ओढलं. ते जागचं हललं नाही. एक गार बोट त्यांच्या कानशिलावरच्या केसांतून फिरलं आणि काळं होऊन समोरच्या काचेवर पुसलं गेलं.

"रंग मागाहून मारलेलो," आवाज म्हणाला. "अरेरे!"

हुबेहूब त्यांचाच सूर. त्यांनी इतकी वर्षं लोकांना ऐकवला होता. स्वतःच्या कानावर आज पहिल्यांदा आला.

मग गुडघ्यावर टकटक झाली. "फुडचा सस्पेन्शन बदललेला. अरेरे!" मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर गार फुंकर आली. "दोनय हेडलाइट नवे." शेवटी वरची कवळी टाळूपासून सुटली आणि तोंडातल्या तोंडात गोल फिरली. "जाळीय डुप्लिकेट! रे, तुझा मूळचा उरला तरी काय?"

बाहेरून धवल आणि गंधालीला दिसत होतं ते एवढंच, की विद्याधरराव एकटेच बसलेत, डोकं चोळताहेत आणि दात काढून-घालून बघताहेत.

"काय करतायत?" गंधालीने विचारलं.

"डीप चेकिंग," धवल आदराने म्हणाला.

आत आवाज खाली आला होता. आता त्यात चेष्टा नव्हती. "तुझो शब्द ओरिजिनल आसा म्हणान आयकललंय मी. तेवढोच एक भाग ऱ्हवललो. तोय आज बदललंस?"

विद्याधररावांच्या डोळ्यांतून, म्हणजे त्या नव्या हेडलाइटांतून, पाणी आलं. "ओरिजिनल!" ते काचेवर थापा मारत ओरडले. "सगळी गाडी ओरिजिनल!"

दार सुस्कारा टाकल्यासारखं उघडलं.

कवळी सावरत त्यांनी सगळं सांगून टाकलं: रुमालाच्या घड्या, गादीखालचं चित्र, मनातलं पाप. धवल रागावला नाही. त्याला वाईट वाटलं, आणि ते विद्याधररावांना जास्त लागलं. "पण घेण्याआधी विचार कर," ते म्हणाले. "गाडीचे मालक अजून आत बसलेत."

त्यांना वाटलं, धवल आता पळेल. धवल मात्र उजळला.

"पहिले मालक? अजून आतच?"

"शेजारच्या सीटवर."

"म्हणजे गाडी एका हाताची, आणि तो हातही अजून गाडीत!" धवलने गंधालीचे दोन्ही हात धरले. "ताई, असा पीस कुठल्या प्रदर्शनात नसेल. मालकांसकट घेतो. त्यांना काढायचं नाही हं!"

"त्यांना काढणार कोण!" गंधाली म्हणाली, आणि सौदा झाला.

आठवड्याने धवलचा फोन आला. आवाज रडवेला. "काका, रोज विडा ठेवतो, विचारून बसतो. कोणी खाकरत नाही. सीट दबत नाही. वाससुद्धा गेला, यार. खरं सांगा, गाडी पूर्ण ओरिजिनल आहे ना?"

विद्याधरराव सोफ्यावर बसले होते. केस पांढरे; रंगाची बाटली आपोआप बेसिनमध्ये रिती होऊ लागल्यापासून त्यांनी तो नाद सोडला होता. शेजारची गादी खोल दबलेली होती. मृणालिनीबाईंनी टीपॉयवर दोन कप चहा आणून ठेवला. घरात चिरूट कोण ओढतं, हे विचारून त्या थकल्या होत्या.

हो म्हणून टाकावं, असं क्षणभर विद्याधररावांच्या ओठांवर आलं. तोच दुसरा कप बशीत किणकिणला.

"नाही रे," ते म्हणाले. "एक भाग निघालाय. माझ्याकडे आहे."

"मग आणून द्या ना, काका! आज! आत्ता!"

विद्याधररावांनी शेजारी कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"यायला तयार नाहीत," ते खोल आवाजात म्हणाले. "म्हणतात, तिकडे करण्यासारखं काही उरलं नाही. इथे काम भरपूर आहे."